हवा वाईट असते त्या दिवसांतली चिडचिड आणि झोपमोड: हवेचा वाटा किती, आणि घरच्या घरी ओळखायचा कसा?

सातवा मजला

नमस्कार मंडळी. मुंबई उपनगरातल्या एका सात मजली सोसायटीसाठी दोन पानी माहितीपत्रक तयार करायचं आहे. इमारतीपुढे नव्वद फुटी रस्ता, मागे पुनर्विकासाचं काम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सभासदांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पहाटे तीन-चारला जाग येते ती येतेच, सकाळी डोकं जड, छातीत धडधड, मुलांवर उगाच आवाज चढतो, आणि खिडकीची पट्टी दोनदा पुसूनही बोट काळंच.

सोसायटीत दोन तट आहेत. एक म्हणतो सगळा दोष हवेचा, प्रत्येक घराने प्युरिफायर घ्यावा. दुसरा म्हणतो हे सगळं बातम्या वाचून येतं, मोबाइल बाजूला ठेवा म्हणजे झोप लागेल. पत्रकात एका तटाची बाजू मांडायची नाही, खरं काय ते लिहायचं आहे.

म्हणून विचारतो. हवेतले कण आणि मनावरचा ताण यांचा शरीरात खरंच काही दुवा आहे का? रात्री खिडकी बंद ठेवावी की उघडी? आणि एखाद्या घराला आपल्या त्रासात हवेचा हात किती आहे, हे तपासायचं असेल तर कसं? आकडे, मापं, पायऱ्या असं काही मिळालं तर बरं.

मंद श्वास

दुवा आहे, आणि तो 'वाटण्या'पुरता नाही. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथे दाह सुरू होतो. दाहाचे संदेश रक्तातून सगळीकडे जातात, मेंदूतही. दुसरी वाट नाकातून थेट वर, वासाच्या नसेची. लँकेस्टर विद्यापीठातल्या बार्बरा माहेर यांच्या गटाला २०१६ साली माणसाच्या मेंदूत लोहाचे, म्हणजे मॅग्नेटाइटचे, अतिसूक्ष्म गोल कण सापडले. उच्च तापमानाच्या ज्वलनातून तयार होतात तसेच ते होते.

ताणाच्या बाबतीत सगळ्यांत नेमका प्रयोग शांघायचा. फुदान विद्यापीठाच्या संशोधकांनी ५५ निरोगी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या खोल्यांत नऊ दिवस खरा प्युरिफायर आणि नऊ दिवस फिल्टर काढलेला नकली प्युरिफायर चालवला. कोणत्या वेळी कोणता, हे विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. खोलीतला पीएम २.५ घनमीटरमागे सरासरी ५३ वरून २४ मायक्रोग्रॅमवर आला. कण जास्त असताना रक्तातली कॉर्टिसॉल, कॉर्टिसोन, अॅड्रेनलिन, नॉरअॅड्रेनलिन ही संप्रेरकं वाढलेली दिसली. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. ५३ हा आकडा मुंबईच्या हिवाळ्याला मुळीच परका नाही, म्हणून पत्रकात हा प्रयोग जरूर घ्या. फक्त एक लक्षात असू द्या, तो प्रयोग ताणाच्या संप्रेरकांबद्दल सांगतो. संप्रेरक वाढलं म्हणजे माणूस तेवढाच चिडला, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

लोकसंख्येच्या पातळीवर अमेरिकेतल्या परिचारिकांचा अभ्यास आहे, ७१,२७१ महिलांचा, २०१५ सालचा. पीएम २.५ जास्त असलेल्या भागात चिंतेची लक्षणं जास्त आढळली, आणि संबंध अनेक वर्षांच्या सरासरीपेक्षा नजीकच्या काळातल्या हवेशी अधिक घट्ट होता. जाड धुळीशी तसा संबंध दिसला नाही. तुमच्या खिडकीच्या पट्टीवर बसते ती बहुतेक जाड धूळ, हे इथे ध्यानात ठेवा.

तर तट करूच नका. ताण तीन वाटांनी येतो: कणांचा शरीरावरचा परिणाम, बिघडलेली झोप, आणि 'आपल्या हातात काही नाही' ही भावना. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. खर्च करायच्या आधी आपल्या घरात कोणती वाट मोठी आहे, ते बघावं. बहुतेक घरांत मधली, झोपेची, निघते. नाक चोंदतं, माणूस तोंडाने श्वास घेतो, घसा कोरडा पडतो, झोप तुटत राहते. सकाळची चिडचिड ही पुष्कळदा त्या तुटक्या झोपेची असते.

धूलिकण

मोजमापाबद्दल. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्मी भांडणं दोन वेगवेगळ्या पट्ट्या वापरल्यामुळे होतात. हवेत पीएम २.५ ठीक ६० मायक्रोग्रॅम असेल तर आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पट्टीवर एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, १०० येतो, शेरा 'समाधानकारक'. तीच हवा अमेरिकी पट्टीवर १५४ च्या आसपास, शेरा 'अनारोग्यकारक'. परदेशी अॅप बहुधा दुसरी पट्टी दाखवतात. एकाने मंडळाचं 'समीर' अॅप उघडलं, दुसऱ्याने दुसरं काही, की दोघांनाही समोरचा खोटारडा वाटतो. पत्रकात एक्यूआय लिहूच नका. पीएम २.५ मायक्रोग्रॅममध्ये लिहा, वाद संपतो. भारताची २४ तासांची मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५.

शिवाय आपला एक्यूआय २४ तासांच्या सरासरीवर काढतात. आत्ता खिडकी उघडू का, याचं उत्तर त्यात नसतं. त्यासाठी तासागणिक आकडा बघायला हवा.

मुंबईत त्याचं गणित शाळेच्या भूगोलातलं आहे: खारे वारे आणि मतलई वारे. हिवाळ्यात रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, मंद. थंड हवेचा थर खाली दाबलेला राहतो आणि शहराचा धूर त्यात साचत जातो. सकाळी उशिरापर्यंत तेच. दुपारी खारा वारा सुरू झाला, जमीन तापली, की मिसळ होते आणि आकडा उतरतो. म्हणून मध्यरात्र ते सकाळी दहा हा वाईट काळ, दुपारी एक ते पाच हा बरा. पहाटे सहाला जोरात चालायला जाणारी मंडळी दिवसातल्या सगळ्यांत घाण हवेत श्वास चौपट-पाचपट करतात. चालणं थांबवायचं नाही, ते थांबवलं तर ताण वाढेलच. वेळ संध्याकाळी चार-साडेचारवर न्यायची, आणि मोठ्या रस्त्याऐवजी आतल्या गल्लीतून चालायचं. वर्दळीच्या रस्त्यापासून दीडशे-दोनशे मीटर आत गेलं तरी वाहनांचा ताजा धूर बराच विरतो.

घरगुती सेन्सरबद्दल: आत लेझरचा प्रकाश आणि त्यासमोरून हवा ओढणारा छोटा पंखा असतो. पीएम २.५ ठीक सांगतो, पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, मात्र अंदाजपंचे. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा विनाकारण चढतो. त्यामुळे पावसाळ्यातले आणि आंघोळीनंतर न्हाणीघराजवळचे आकडे सोडून द्या. सेन्सर स्वयंपाकघरात ठेवू नका, मिरचीची फोडणी पडली की तो काही शेकड्यांत जातो आणि घरात घबराट उडते. (तो आकडा खोटा नसतो म्हणा. फोडणीच्या आधी पाच मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं एक्झॉस्ट चालू ठेवायला तेवढं कारण पुरे.)

झरोका

रात्रीच्या खिडकीचं उत्तर 'बंद' नाही आणि 'उघडी'ही नाही. हिशेब मांडतो, पत्रकात जसाच्या तसा घेता येईल.

खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. म्हणजे ३४ घनमीटर हवा. झोपलेला माणूस तासाला साधारण १२-१३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २५ लिटर. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतो.

आता खिडकी-दार घट्ट बंद, स्प्लिट एसी चालू. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. फटींतून तासाला खोलीच्या तीन दशांश इतकीच हवा बदलते, म्हणजे १० घनमीटर. या वेगाने सकाळपर्यंत खोलीत २,६०० पीपीएमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जमतो. डोकं जड, अंग आंबलेलं, झोप होऊनही न झाल्यासारखी. यात प्रदूषणाचा काही संबंध नाही, पण दोष प्रदूषणाला मिळतो! प्युरिफायर याला काहीच करू शकत नाही. हेपा फिल्टर कण अडवतो, वायू नाही.

उलट टोक. खिडकी पूर्ण उघडी, तासाला खोलीची हवा दहा वेळा बदलते. कार्बन डायऑक्साइड छान, पण बाहेर पीएम २.५ जर ८० असेल तर आतही जवळजवळ ८०. त्यात प्युरिफायर चालवला तरी तो ५०-५५ वर जेमतेम आणतो, कारण एका हाताने भरायचं आणि दुसऱ्याने उपसायचं असं चाललेलं असतं.

मधला मार्ग असा: स्लायडिंग खिडकी अंगठाभर उघडी आणि दाराला फट. तासाला ५० घनमीटर हवा आत आली पाहिजे. दोघांसाठी कार्बन डायऑक्साइड ९०० ते ९५० वर स्थिरावतो. सोबत प्युरिफायर तासाला १७० घनमीटर हवा गाळणारा. ८० ची हवा आत १८ च्या आसपास राहते. दोन्ही आकडे पटण्यासारखे, आणि माणसाला कोंडल्यासारखंही होत नाही.

१७० कुठून आला? ३४ घनमीटर गुणिले ५, कारण तासाला पाच वेळा खोलीची हवा फिल्टरमधून जायला हवी. पण खोक्यावरचा सीएडीआर (यंत्र तासाला किती गाळलेली हवा देतं तो आकडा) सगळ्यांत मोठ्या वेगाचा असतो आणि त्या वेगाचा आवाज झोपू देत नाही. म्हणून विकत घेताना खोक्यावर ३०० च्या आसपास बघा आणि रात्री मधल्या वेगावर चालवा. 'ऑटो'वर ठेवू नका. यंत्राचा सेन्सर यंत्राच्याच पोटात असतो, स्वतःच गाळलेली हवा बघून तो समाधानी होतो आणि वेग उतरवतो. दिवा हिरवा, हवा तशीच.

चुका नेहमीच्या: नव्या यंत्रात हेपा फिल्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत बसवलेला असतो. मागचं झाकण काढून ती पिशवी फाडायची असते. न फाडता महिनोन्‌महिने चालवणारी घरं आहेत. यंत्र पलंगाखाली किंवा पडद्यामागे ठेवू नका, भिंतीपासून फूटभर लांब आणि उशाकडच्या बाजूला ठेवा. बाहेरची जाळी दर पंधरा दिवसांनी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ करा, हेपाला पाणी लावू नका. 'आयोनायझर'चं बटण असेल तर बंद ठेवा, काही यंत्रं त्यातून ओझोन सोडतात आणि ओझोन स्वतःच छातीला त्रास देतो. कुंड्यांनी हवा साफ होत नाही. १९८९ च्या नासाच्या प्रयोगातली खोली हवाबंद डबा होती. झाडं लावा, मनाला बरं वाटतं, पण फिल्टर म्हणून नको.

फट किती हवी, हे खोलीगणिक बदलतं. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर लागतो, आणि तो एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त प्रकाशाने थेट तोच वायू मोजणारा, हवा. स्वस्त मीटर वासाच्या वायूंवरून 'अंदाजे' आकडा काढतात, अत्तर फवारलं तरी दोन हजार दाखवतात. ओळखायची सोपी युक्ती: मीटर गॅलरीत अर्धा तास ठेवा. ४०० ते ४५० दाखवायला हवा. एक मीटर अख्ख्या सोसायटीत फिरवता येतो, घराला दोन रात्री पुरतात. सकाळी उठल्या-उठल्या आकडा १,००० च्या खाली असेल तर फट बरोबर.

सातवा मजला

@झरोका, हिशेबाबद्दल मनापासून आभार, तो तसाच घेतो. दोन शंका. तळमजल्याच्या आणि मागच्या विंगेतल्या सगळ्यांनाच प्युरिफायर परवडणारा नाही. घरकामाला येणाऱ्या ताई आणि सुरक्षारक्षक यांचं तर काहीच नाही. दुसरं, हिवाळ्यात बरेच सभासद अॅलर्जीच्या गोळ्या आणि पंप घेतात. त्यातली काही मंडळी म्हणतात की धडधड आणि विचित्र स्वप्नं गोळ्यांनंतरच वाढली. याचा काही संबंध?

औषधीवाला

संबंध आहे, आणि या विषयात सगळ्यांत कमी बोललं जातं ते इथेच.

पहिलं, मॉन्टेलुकास्ट. आपल्याकडे रात्री घ्यायची सर्दी-अॅलर्जीची जी लोकप्रिय गोळी आहे तिच्यात बहुधा मॉन्टेलुकास्ट १० मिलिग्रॅम आणि लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये मॉन्टेलुकास्टवर सगळ्यांत कडक, चौकटीतली सूचना घातली: अस्वस्थता, वाईट स्वप्नं, झोपमोड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार. नुसत्या सर्दीच्या अॅलर्जीला दुसरं औषध चालत असेल तर हे टाळावं, असंही त्यात म्हटलं. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याला होतं तो महिनाभर हवेला शिव्या घालत बसतो, कारण गोळी आणि धुरकं एकाच महिन्यात सुरू झालेले असतात. मुलांत चिडचिड आणि रात्री दचकून उठणं याकडे विशेष लक्ष द्या.

दुसरं, निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल. पंप घेतल्यावर थोड्याच वेळात हात थरथरणं, छातीत धडधड हे त्याचं नेहमीचं काम आहे. घाबरल्यासारखं वाटतं, मग दम लागल्याची शंका येते, मग आणखी दोन पफ. असं चक्र होतं. निळा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, डॉक्टरांकडून रोजचा, दाह कमी करणारा पंप ठरवून घ्यायला हवा.

तिसरं, सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलएफ्रिन. झोप उडवतं, नाडी वाढवतं. संध्याकाळनंतर नको. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बहुधा सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची असते. रात्री घेतली तर डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी स्वभाव तिखट होतो.

पत्रकात ठळक लिहा: यातलं कोणतंही औषध मनाने बंद करायचं नाही, विशेषतः दम्याचं. गोळी सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख एका कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. एवढ्यावरून डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.

मंद श्वास

@औषधीवाला +१. त्याला जोडून, दमा आणि घाबरण्याचा झटका यांत फरक कसा करायचा ते सांगतो. पीक फ्लो मीटर, छोटं प्लास्टिकचं यंत्र, बॅटरी लागत नाही. उभं राहून पूर्ण श्वास घ्यायचा, तोंडात धरून एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंकून सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. सकाळी आणि रात्री, दोन आठवडे. सकाळ आणि रात्र यांतला रोजचा फरक सरासरीच्या दहा टक्क्यांहून अधिक निघत राहिला तर दम्याची तपासणी करून घ्या. स्वतःच्या उत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला तर सावध, ५० टक्क्यांखाली आला तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे.

घाबरण्याच्या झटक्यात ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, सगळं दहाएक मिनिटांत शिगेला जातं आणि पीक फ्लो जवळजवळ नेहमीइतका राहतो. दम्यात श्वास सोडताना शिटी वाजते, खोकला असतो, पहाटे वाढतं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, सौम्य दम्यात तो ९८ च दाखवतो. आणि दोन्ही एकाच माणसात, एकाच रात्री असू शकतात. एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर १०८.

झरोका

@सातवा मजला, प्युरिफायरशिवाय काय, हा प्रश्न आधी घ्यायला हवा होता.

सगळ्यांत स्वस्त आणि मोठा उपाय म्हणजे झोपायच्या खोलीत काही जाळू नका. डासांची एक कॉइल जळताना जेवढा पीएम २.५ सोडते तो ७५ ते १३७ सिगारेटींइतका असल्याचं २००३ साली मोजलं गेलं आहे. बाहेर ८० आहे म्हणून हळहळायचं आणि उशाशी कॉइल लावायची, याला काही अर्थ नाही. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवघरात, खिडकीजवळ, आणि दिवेलागणीला. झोपायच्या वेळी नको.

झाडू कोरडा मारला की बसलेली धूळ पुन्हा उठते आणि तासभर तरंगते. आधी ओलं फडकं. हे घरकामाच्या ताईंना सांगा आणि त्यांना एन-९५ मास्कही द्या, सगळ्यांत जवळून धूळ खातात त्याच. सुरक्षारक्षकाची खुर्ची फाटकावरून दहा-पंधरा फूट आत, गाड्या उभ्या राहून धूर सोडतात तिथून बाजूला हलवता येते. त्याला ठराव करावा लागत नाही.

मास्क घेताना एन-९५ किंवा आपल्या आयएस ९४७३ मानकाचा एफएफपी-२. नाकावरची पट्टी दाबून बसवा. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतोय. कापडी मास्कने पीएम २.५ थांबत नाही, आणि कोणत्याच साध्या मास्कने वाहनांचे वायू थांबत नाहीत. ज्यांना कोंडल्यासारखं होऊन भीती वाटते त्यांना मास्कची सक्ती करू नका. त्यांच्यासाठी वेळ आणि रस्ता बदलणं हेच बरं.

धूलिकण

माझ्याच एका गोष्टीत दुरुस्ती. वर मी दुपारी एक ते पाच हवा बरी म्हटलंय ते बारीक कणांचं. या सोसायटीच्या मागे बांधकाम आहे. दुपारीच तिथे कापणं, तोडणं, डंपर भरणं चालतं. मागच्या विंगेने दुपारी खिडक्या सताड उघडल्या तर जाड धूळ आत येणार. त्यांनी कामगारांची जेवणाची सुट्टी, बहुधा एक ते दोन, आणि काम थांबल्यावरचा तासभर वापरावा. पुढच्या विंगेला उलट, रस्त्याची गर्दी टाळून दोन ते चार.

झरोका

बरोबर. माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मागच्या विंगेला समोरासमोरच्या खिडक्या असतील तर बांधकामाच्या विरुद्ध बाजूची जास्त उघडावी आणि बांधकामाकडची फटीपुरती.

पाखरू

तिसऱ्या वाटेबद्दल, हातात काही नसण्याबद्दल लिहिते. समुपदेशनात ही बाजू कमी लेखून चालत नाही.

डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी १९७० च्या सुमारास गोंगाटावर प्रयोग केले. दोन गटांना सारखाच आवाज ऐकवला. एका गटापुढे आवाज बंद करायचं बटण होतं, शक्यतो वापरू नका असं सांगितलेलं. बहुतेकांनी ते दाबलंही नाही. तरी नंतरच्या कामात बटणवाला गट कितीतरी चिकाटीने टिकला. आवाज तोच, फक्त 'मला थांबवता येईल' ही जाणीव वेगळी. धुळीचंही तसंच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना प्रदूषित आणि स्वच्छ दृश्यांचे फोटो दाखवून 'तुम्ही इथे राहता' अशी कल्पना करायला सांगितलं, आणि प्रदूषित फोटोंनीच चिंता वाढली. नाकात एक कणही न जाता! म्हणून तुमच्या सोसायटीतला दुसरा तट अगदीच चूक नाही. पण 'मोबाइल बाजूला ठेवा' एवढ्याने भागत नाही, कारण खिडकीची पट्टी मोबाइलमध्ये नसते. ती दिवसातून दोनदा कुणीतरी पुसत असतं, आणि ते कुणीतरी बहुधा घरातली बाईच असते. धुळीचा ताण घरात सारखा वाटला जात नाही, हे पत्रकात यायला हवं. पुसण्याची पाळी लावा.

मग बटण कुठून आणायचं? तक्रारीची यंत्रणा हे एक बटण आहे, नीट वापरलं तर. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली, उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली होती. नियमात आहे: एक एकरापेक्षा लहान जागेला किमान २५ फूट उंच पत्र्यांचं कुंपण, मोठ्या जागेला ३५ फूट, इमारतीभोवती हिरवं कापड किंवा ताडपत्री, पाण्याची फवारणी, झाकलेले डंपर, बाहेर पडताना चाकं धुणं. सोसायटीने एका व्यक्तीवर एका आठवड्याची पाळी टाकावी. तिने रोज एकदाच, ठरलेल्या वेळी, पाच बाबींचे फोटो काढायचे, तारीख-वेळ दिसेल असे. कमतरता असेल तर महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक वहीत लिहायचा, आणि आठवड्याने विभाग कार्यालयाला सगळे क्रमांक एका पत्रात. बाकीच्यांनी तो आठवडा तो विषय सोडून द्यायचा. ग्रुपवर फोटो टाकायचे नाहीत. चाळीस माणसांनी रोज चिडण्यापेक्षा एकाने नोंद ठेवणं मनाला आणि तक्रारीलाही बरं.

अॅप बघण्याचंही तसंच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आधीच ठरवून ठेवा की तासाचा पीएम २.५ साठच्या वर असेल तर बाहेरचा व्यायाम घरात, बाकी दिवस नेहमीचा. ठरलेला नियम असला की आकडा बघून नुसती काळजी करत बसावं लागत नाही.

कोणाला मदत लागेल? दोन आठवडे बहुतेक दिवस झोप, भूक, मन यांपैकी काही ठिकाणावर नसेल, तर हवा सुधारायची वाट बघू नका. 'टेलि-मानस' ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं.

सातवा मजला

हे सगळं पत्रकात बसवायचं म्हणजे दोनाची चार पानं होणार, होऊ देत. शेवटचा प्रश्न राहिला: एखाद्या घराने स्वतःपुरतं तपासायचं कसं?

मंद श्वास

शांघायचीच पद्धत, घरगुती. लागतं ते प्युरिफायर, वही, एक नाणं आणि घरातला एक तटस्थ माणूस. ज्याची परीक्षा घ्यायची तो रात्री खोलीत यायच्या आधी तटस्थ माणूस नाणं उडवतो. छापा तर हेपा फिल्टर आत, काटा तर फिल्टर काढून झाकण बंद. यंत्र दोन्ही वेळा चालूच. छापा-काटा त्याने स्वतःच्या वहीत लिहायचं, बोलायचं नाही. खिडकीची फट महिनाभर एकच, त्या जागी पेन्सिलने खूण करा.

झोपणाऱ्याने सकाळी उठल्या-उठल्या, मोबाइल हातात घ्यायच्या आधी, तीन आकडे लिहायचे: झोप ० ते १०, कितीदा जाग आली, आणि आत्ताची चिडचिड ० ते १०. आधी एक्यूआय बघितला तर नोंद वाया गेली, मन त्या आकड्याकडे झुकतं. रात्री बांधकाम किंवा लग्नाचा बँड वाजला असेल तर पुढे फुली मारा. गोंगाट आणि धूर एकाच रस्त्यावरून येतात, आणि आवाजाची झोपमोड धुराच्या नावावर जाते. निवासी भागात रात्री दहा ते सहा मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती ओलांडली जात असेल तर दोष आधी तिथे शोधा.

२८ रात्री करा. फुल्या वगळून दोन्ही गटांची सरासरी काढा. चिडचिडीत एका गुणाहून कमी फरक असेल तर या घरात यंत्रावर पैसे घालायचं कारण दिसत नाही. फट, गोळ्या, आवाज यांकडे वळा. दोन गुण किंवा जास्त, आणि जागही कमी, तर हवेचा वाटा धरायला हरकत नाही. दमा असलेल्या माणसावर आणि लहान मुलांवर हा प्रयोग करू नका, त्यांचा फिल्टर आतच राहू दे.

झरोका

एक अडचण येईल. फिल्टर काढला की यंत्राचा आवाज बदलतो, हवा मोकळी सुटते आणि फडफड वाढते. हलकी झोप असलेला माणूस दोन रात्रीत ओळखतो. बाहेरची जाळी मात्र जागेवर ठेवा, वेग मधलाच, आणि छताचा पंखा दोन्ही वेळा चालू ठेवा. पंख्याच्या आवाजात फरक बुडून जातो.